उलटे वाक्य

दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय येते आणि मागोमाग त्याचा व्यत्यास. उर्दूत आम्ही व्यत्यासाला 'अक्स' म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अक्स म्हणजे आरशातले प्रतिबिंबही. चेहरा खरा तर अक्सही खरा, असे मुले धरून चालतात. सिद्धता तोंडपाठ म्हणतात, गुणही मिळवतात. पण पक्ष कोणता आणि साध्य कोणते, हे विचारले की गप्प. खरे सांगायचे तर आम्हीही बरीच वर्षे सिद्धता फळ्यावर उतरवण्यालाच शिकवणे समजत होतो.

माणला आमच्या घरासमोर एका इमारतीचा पाया आखला जात होता. मिस्त्रींनी कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधले अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवली आणि म्हणाले, "आला काटकोन." काटकोन त्यांना आधी मिळालेला नव्हता, बाजूंवरून तो काढला. म्हणजे मिस्त्री प्रमेय नव्हे, व्यत्यास वापरत होते! युक्लिडने पहिल्या ग्रंथात ४७ वे आणि ४८ वे अशी दोन विधाने वेगळी का सिद्ध केली, ते तेव्हा उमगले. हाच ग्रंथ १२४८ मध्ये नसीरुद्दीन तूसींनी अरबीत नव्याने मांडला आणि त्यावरून जगन्नाथ सम्राटांनी संस्कृत 'रेखागणित' रचले.

दुसऱ्या दिवशी वर्गात चार सारख्या काड्या जोडून चौरस केला. "चौरस असेल तर बाजू समान. उलटे?" एका मुलाने चौरस दाबला, तो कलला. बाजू समानच, काटकोन गेले. मग मुले घरची वाक्ये आणू लागली. "पाऊस पडला तर रस्ता ओला." "उलटे खोटे, टँकर गळला तरी ओला!"

तेवढ्यात एक मुलगी उठली. "सर, आमच्या चाळीत चोरी झाली. चोर मुसलमान निघाला. आता शेजारी आम्हाला बघून कडी लावतात. हा अक्सच ना?"

वर्ग शांत झाला. आम्ही म्हणालो, "बेटा, एका चोरावरून 'चोर असेल तर मुसलमान' हे सरळ वाक्यसुद्धा सिद्ध होत नाही. उलटे तर दूरच."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपणही त्यांच्याबद्दल असंच बोलतो."

तेही वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले. त्या तासाला धडा पुढे सरकला नाही. पण दोन्ही वाक्यांखाली मुलांनी स्वतःच लिहिले : सबूत?