सात नंबर मशीनचा

स्कझी म्हणजे कॉम्प्युटरला यंत्रं साखळीने जोडायची जुनी पद्धत. तिच्यावर स्कॅनर जोडायचा तर केबलच्या आधी नंबर बघावा लागतो. एका साखळीत शून्य ते सात असे आठच नंबर. जुन्या मॅकमध्ये सात खुद्द मशीनचा, शून्य आतल्या हार्डडिस्कचा, सीडी-रॉम असला तर बहुधा तीन त्याचा. उरलेल्यांतून स्कॅनरने जागा शोधायची. त्यातही डीटीपीवाल्याकडे झिप ड्राइव्ह असला की त्याला पाच किंवा सहा एवढीच मुभा. मग मी स्कॅनर चारवर टाकायचो.

साखळीतल्या दोन यंत्रांनी एकाच वेळी बोलायचं ठरवलं तर मोठ्या नंबराचं आधी ऐकलं जातं. म्हणजे ज्या डिस्कवरून मशीन सुरू होतं, ती शून्यावरची डिस्क मानाच्या रांगेत सर्वांत शेवटी! मला ही व्यवस्था आवडते. संथ स्कॅनरला चढा नंबर मिळाला तर वेगवान डिस्कच्या गर्दीत त्याची उपासमार होत नाही.

नंबर बदलायची सोय मागच्या बाजूला. काही स्कॅनरवर इवलीशी खिडकी आणि तिच्या वर-खाली दोन बटणं. बॉलपेनच्या टोकाने दाबली की आकडा सरकतो. काहींवर गोल चकती, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायची. जंपर असले तर ते तीन, किंमत चार, दोन आणि एक. पाच हवा तर चार आणि एकवर टोप्या चढवायच्या, दोनचा मोकळा. आकडा बदलून काम भागत नाही. बहुतेक यंत्रं तो चालू होतानाच वाचतात.

दिवाळी अंकांच्या धामधुमीत ‘स्कॅनर दिसत नाही’ असा निरोप आला की माणसांनी तोवर सगळे नंबर फिरवून झालेले असायचे. दोष बऱ्याचदा टर्मिनेटरचा निघे. साखळीच्या दोन्ही टोकांना तो हवा आणि मध्ये कुठेही नको. नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत फिरतो. मग स्कॅनर दिसतो, पण पान अर्ध्यावर अडकतं, आणि बिचाऱ्या नंबराला शिव्या बसतात. घरच्या घरी लांबवलेल्या केबलींचाही हात असायचा. सगळ्या मिळून सहा मीटरच्या पुढे जाऊ नयेत.

१९९८च्या आयमॅकने स्कझी सोडून यूएसबी घेतलं. तिथे पत्ता कॉम्प्युटर स्वतःच देतो, एक ते १२७ मधला. सोय झाली यात वाद नाही. मात्र टेबलाखाली काय काय जोडलंय, हे आता कुणालाच धड सांगता येत नाही.

तुमच्या माळ्यावर असा स्कॅनर असेल तर भंगारात घालण्याआधी जोडून बघा. तळाशी वाहतुकीचं कुलूप असलं तर ते आधी सोडवा, मग स्कॅनर चालू करा, कॉम्प्युटर त्यानंतर. आणि स्कझीची केबल काढताना-लावताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. चालू मशीनवर ओढाताण केलीत तर पोर्ट जळू शकतं.