मेडिक्लेम होता, पण दाढ त्यात बसत नव्हती

२०२४ चा पावसाळा. आमच्या हरसूल भागात भाताच्या आवण्या चालल्या होत्या आणि घरात मुलीची दाढ दुखायला लागली. ती तेव्हा दुसरीत होती. आधी गोड खाल्लं की दुखायचं, मग थंड पाण्यानं, मग काहीही न खाता रात्री. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. एका सकाळी उठली तर उजवा गाल सुजलेला आणि अंगात ताप.

ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तापाचं आणि अँटिबायोटिकचं पातळ औषध दिलं. दोनेक दिवसांत सूज उतरली. पण त्यांनी आधीच बजावलं होतं, "सूज गेली म्हणजे दाढ बरी झाली असं समजू नका. नाशिकला दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

मी गावात सेवा केंद्र चालवतो. झेरॉक्स, दाखले, आयुष्मान कार्ड अशी कामं. घरच्यांचा मेडिक्लेमही काढलेला होता. वर्षाला चौदा हजारांच्या वर हप्ता. त्यामुळे वाघेरा घाटातून नाशिकला निघालो तेव्हा मुलीच्या दुखण्याची काळजी होती, पैशांची नव्हती.

खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला. दुधाच्या चार दाढा किडलेल्या. त्यातल्या दोन दाढांची कीड नसेपर्यंत गेलेली. मी म्हटलं, दुधाच्याच आहेत ना, पडतील. डॉक्टरांनी समजावलं की पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तोवर पू तसाच राहिला तर खालच्या पक्क्या दाताला धोका. दाढ लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. शिवाय सगळ्यात मागे सहाव्या वर्षी एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी कुठलाच दात नसतो, त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ती मात्र जन्मभराची. आमच्या मुलीच्या त्या दाढेवरही काळा ठिपका धरायला लागला होता.

पोरगी तोंड उघडेना. मशीनचा आवाज आला की रडून गोंधळ. डॉक्टर म्हणाले, एका हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करू. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. मी लगेच मेडिक्लेमचं कार्ड पुढे केलं.

हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरून मंजुरीसाठी कागद गेले. संध्याकाळी उत्तर आलं, नामंजूर. अपघातामुळे करावे लागलेले दंतोपचार सोडून बाकीचे दंतोपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत, एवढंच कारण. मी कॉल सेंटरला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एका मुलीनं तेच वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, ताई, ॲडमिट करणार आहेत, ऑपरेशन थिएटरमध्ये होणार आहे, भूलतज्ज्ञ येणार आहेत. तिनं विचारलं, "पेशंट कुठे पडला होता का?"

एजंटाला फोन केला. पॉलिसी घेताना याच माणसानं घरी चहा पिऊन सांगितलं होतं, "भाऊ, डोक्यापासून पायापर्यंत सगळं कव्हर आहे." आता म्हणाला, "शाळेत पडून दाढेला मार लागला, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काम होऊन जाईल." खरं सांगतो, त्या रात्री मी या गोष्टीचा विचार केला. सकाळी डॉक्टरांपुढे विषय काढला तर त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "ही कीड आहे, कुणीही ओळखेल. खोटा क्लेम धरला गेला तर पुढे मोठ्या आजाराच्या वेळी पॉलिसीच रद्द होईल." विषय तिथेच संपला.

मग पॉलिसीचं पुस्तक नीट वाचलं. बारीक अक्षरातलं इंग्रजी. बहुतेक मेडिक्लेम ॲडमिट होण्यावर बेतलेले असतात आणि दाताचं बहुतेक काम खुर्चीवर बसून होतं. विम्याच्या नियमांत हॉस्पिटल म्हणजे काय हेही ठरलेलं आहे. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा, त्याहून मोठ्या शहरात पंधरा, चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर. दाताचा साधा दवाखाना यात येतच नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना 'आरोग्य संजीवनी' ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे लागणारे दंतोपचार धरलेले आहेत, पण तिथेही ॲडमिट होण्याची अट आहेच. म्हणजे पोराच्या किडलेल्या दाढेत सिमेंट भरायला तिचाही उपयोग नाही.

दुसरा रस्ता सरकारी योजनेचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा त्याच वर्षी दीड लाखावरून पाच लाख झाली होती. लोकांची कार्डं मीच काढून देत होतो. नाशिकच्या एका हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचारलं. त्यानं यादी दाखवली. तेव्हा तिच्यात १,३५६ उपचार होते. जबड्याचं फ्रॅक्चर होतं, दुभंगलेल्या ओठ-टाळूचं ऑपरेशन होतं. किडलेली दाढ नव्हती. गावात मी पाच लाखांचं कार्ड हातात देतो तेव्हा लोक विचारतात, "भाऊ, दात बसतात का यात?" तोवर मी हसून विषय टाळायचो. आता सरळ नाही सांगतो.

कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. उत्तरात पुन्हा तेच कलम. त्यापुढे विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, त्यापुढे विमा लोकपाल. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला फी नाही. कंपनीनं कलमात बसणारा क्लेम नाकारला असेल तर तिथे जरूर जा. माझ्या बाबतीत कलम कंपनीच्या बाजूचं होतं. फसवलं होतं एजंटाच्या तोंडी शब्दानं, आणि त्याचा कागद माझ्याकडे नव्हता. मी पुढे गेलो नाही. राग मात्र अजून आहे.

या सगळ्यात मुलीची दाढ दुखतच होती. मार्ग सुचवला शाळेतल्या बाईंनी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, त्यांच्या तपासणीत दातही असतात, असं त्या म्हणाल्या. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आमच्याकडे ती गाडी म्हणजे वजन-उंची घेणारी माणसं एवढंच लोकांना माहीत. त्या पथकातल्या डॉक्टरांनी मुलीचं तोंड बघून जिल्हा रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठी दिली.

सिव्हिलच्या दंत विभागात सगळ्यात खराब दाढ काढली. पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. गर्दी होती, थांबावं लागलं. बाकीच्या दाढांसाठी आम्ही पंचवटीतल्या महात्मा गांधी विद्यामंदिराच्या दंत महाविद्यालयात गेलो. तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. शिकणारे डॉक्टर काम करतात आणि वरचे डॉक्टर तपासतात. दर खासगीपेक्षा बराच कमी.

मला तिथला दर आवडला, पण त्याहून त्यांची सबुरी आवडली. पहिल्या खेपेला कॉलेजातल्या मुलीसारख्या दिसणाऱ्या डॉक्टरनं काहीच केलं नाही. छोटा आरसा पोरीच्या हातात दिला, तिच्याकडूनच दात मोजून घेतले, पाण्याचा फवारा तिच्या तळहातावर मारून दाखवला. पुढच्या खेपेला थोडं काम, मग आणखी थोडं. पूर्ण भूल द्यावीच लागली नाही. नसेपर्यंत किडलेल्या दुसऱ्या दाढेची नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवली, उरलेल्या दोन भरल्या. काढलेल्या दाढेची जागा राखायला तारेची पट्टी लावली. मागच्या पक्क्या दाढांच्या खाचा बुजवून घेतल्या. भूल सगळ्याच मुलांना टळेल असं मी म्हणणार नाही. फारच लहान मूल असेल तर लागतेही. पण आधी विचारून बघायला हरकत नाही.

खेपा मात्र खूप पडतात, हे धरून चला. पुढे मुलीला घेऊन तिची आईच जायला लागली. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, मुलीचंही अर्धं, आणि माझं दुकान बंद पडत नव्हतं.

मेडिक्लेम मी बंद केलेला नाही. अपघाताला, मोठ्या ऑपरेशनला तो लागेल. एजंट आता दात-डोळ्यांचा जादा भाग घ्या म्हणतो. त्याचा हप्ता आणि त्यातून मिळणारी रक्कम शेजारी मांडून पाहिली आणि तेवढे पैसे पोस्टात टाकायचं ठरवलं.

तुम्ही नवी पॉलिसी घेत असाल तर आधी वगळलेल्या गोष्टींचं पान मागा. १ जानेवारी २०२४ पासून कंपनीनं सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यायचं आहे, आणि मागितलं तर ते मराठीतही मिळतं. एजंट तोंडी जे सांगतो ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर तीस दिवसांत परत करता येते. जनआरोग्य योजनेत एखादा उपचार आहे का, हे १५५३८८ या नंबरवर फुकट विचारता येतं.

आणि शाळेत तपासणीची गाडी येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. दात दाखवायला सांगा, चिठ्ठी मागून घ्या. सिव्हिलला जाताना हरसूलहून सकाळची पहिली गाडी धरा, केसपेपरची रांग लवकर वाढते.