पोटखराबा

रत्नागिरीकडच्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मी सध्या लिहितेय त्या स्ट्रिंग क्वार्टेटचं नावही हेच.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. समोर हात हलवणारा कंडक्टर नसतो. चौघं एकमेकांच्या श्वासावर लक्ष ठेवून वाजवतात. म्हणूनच मला चेंबर म्युझिक आवडतं. त्यात लपायला जागा नसते.

निसर्गावरचं संगीत म्हटलं की पावसाच्या टिपटिपीसाठी तारा छेडायच्या, मग कुठेतरी पक्षी आणायचा. त्यात गैर काही नाही. द्वोर्झाकने १८९३च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या स्पिलव्हिल या छोट्या गावात क्वार्टेट लिहिलं, तेव्हा तिथे ऐकलेल्या पक्ष्याची शीळ त्याच्या तिसऱ्या भागात आली. पण सड्यावर मला शिळेपेक्षा थांबणं जास्त ऐकू येतं.

उन्हाळ्यात तिथे काळा पडलेला जांभा, वाळकं गवत आणि मधूनच ओरडणारी टिटवी, एवढंच. पाऊस पडला की बोटभर मातीतून दीपकाडी वर येते, पांढरीशुभ्र. मग गेंद, सीतेची आसवं. काही आठवड्यांचा खेळ. उरलेलं वर्ष दीपकाडीचा कंद जमिनीखाली नुसता थांबून असतो. मेलेला नसतो.

म्हणून पहिला भाग चेलोच्या सगळ्यात जाड तारेवर सुरू होतो. मोकळी तार, कंपन न देता, कोरडी. व्हिओलाला तब्बल चाळीस मात्रा विश्राम. तालमीत व्हिओलावालीने विचारलं, “एवढा वेळ मी काय करू?”

“थांब. पण बो तारेवर ठेवून थांब. आता वाजवशील असं वाटलं पाहिजे.”

ती तशी थांबली आणि खोलीतली हवाच बदलली.

याच वर्षी चुलतभावाचा फोन आला. “ताई, चिरेखाणवाला विचारतोय. सडा नुसताच तर पडलाय.” त्याला घराचं छप्पर करायचंय, मुलाची फी भरायचीय. मी पुण्यात राहते आणि माझं बालपण ज्या घरात गेलं, तेही चिऱ्यांचंच आहे. त्याला उपदेश कुठल्या तोंडाने करू? पण एकदा चिरे कापून नेले की वरची बोटभर माती गेली, कंदही गेले. सामायिक जमीन आहे, माझी सही लागते. मी अजून केलेली नाही. क्वार्टेटने त्याचं छप्पर होणार नाही, हेही मला कळतं.

परवा त्याला पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग पाठवलं. लगेच फोन.

“ताई, मधे आवाज गेला होता काय?”

“नाही रे. तिथे ती थांबलीय. पुढे येते.”

“हां, आली खरी. मी मोबाईलच बदडत होतो.” मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. “बरं, सहीचं पावसानंतर बघू.”

दुसरा भाग लिहायला घेतलाय.