बंगळुरात घर मांडताना

व्यापारी घराण्यांना प्रवास नवा नाही. मात्र पूर्वीच्या प्रवासात एक सोय होती. माणूस जाई, घर मागे राही. कर्ता पुरुष खरेदीसाठी वा पेढीसाठी दूरदेशी गेला, तरी चूल, देवदर्शन, मुलांची शाळा आणि वडीलधाऱ्यांची बैठक गावातच असे. आज सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, बार्शी येथील घरांतून मुलगा किंवा सून नोकरीसाठी बंगळूरला जाते, आणि काही वर्षांत सारे घरच मागोमाग निघते. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बेळगाव, धारवाड, हुबळी मागे टाकत सकाळी बंगळुरात उतरवते. सामान असे एका रात्रीत पोहोचते. घर पोहोचायला मात्र बराच काळ लागतो.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर हे शहर परके वाटू नये. केंपेगौडांनी 1537 साली वसवलेले बंगळूर मुळात पेठांचेच गाव. अरळेपेटेत कापूस, अक्कीपेटेत तांदूळ, तरगुपेटेत धान्य, बळेपेटेत बांगड्या आणि गाणिगरपेटेत तेलाचे घाणे. ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. 1638 साली हे शहर आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांकडे जहागीर म्हणून राहिले. जिजाबाई आणि बाल शिवाजी यांचेही काही काळ येथे वास्तव्य होते. आज चिकपेटेच्या अरुंद गल्ल्यांत रेशमी साड्यांच्या गाद्या आहेत. मारवाडी आणि गुजराती जैनांच्या पिढ्यान्‌पिढ्या तेथे गेल्या. आदिनाथाचे देरासर त्याच गर्दीत उभे आहे.

परंतु नव्याने येणाऱ्या मुलाची नोकरी या पेठेत नसते. ती व्हाइटफील्डला असते किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत. दोन्ही ठिकाणे जुन्या पेठेपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहेत. घर कार्यालयाजवळ घ्यावे की मंदिराजवळ, हा बंगळुरात येणाऱ्या जैन कुटुंबापुढचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. बहुतेक घरे तो भाड्याच्या आकड्यावर घेतात. तो सूर्यास्तावर घ्यावा लागतो, हे पुढे कळते.

जूनमध्ये सांगलीत सूर्य सातनंतर मावळतो, बंगळुरात पावणेसातच्या सुमारास. डिसेंबरच्या आरंभी तो येथे सहापूर्वीच मावळतो. गावाकडे दुकान बंद न करताही मालक घरी जाऊन सूर्यास्तापूर्वी जेवून येई, कारण घर आणि दुकान यांत दहा मिनिटांचे अंतर असे. येथे संध्याकाळच्या वाहतुकीत वीस किलोमीटरला दीड तास लागणे नवलाचे नाही. साडेपाचला कार्यालयातून निघालेला मुलगा वाटेत असतानाच दिवस मावळतो. चोविहार पाळणारे आई-वडील घरात जेवून घेतात, सुनेचा डबा झाकलेला राहतो, आणि ज्या घरात सारे एका पंगतीला बसत त्या घराची पंगत आठवड्यातून एकदा, रविवारी, बसू लागते. व्रत मोडत नाही, पण घराची वीण सैल होते. म्हणून काही कुटुंबे दुसऱ्या डब्याची सोय करतात आणि मुलगा कार्यालयातच दिवस असताना जेवतो. काही कुटुंबे जयनगर, बसवनगुडीसारख्या जुन्या वस्तीत राहून मेट्रोवर भिस्त ठेवतात. 2023 मध्ये जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण झाली. हिरव्या मार्गिकेवर चिकपेटे हे स्थानकच आहे, आणि मॅजेस्टिकला दोन्ही मार्गिका मिळतात. वडीलधाऱ्यांना देरासरला आणि तरुणांना कामाला जाण्यासाठी ही जोडणी मोलाची ठरली आहे.

घर ठरले की हिशेब येतो. येथे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची जुनी पद्धत आहे, आणि आजही अनेक घरमालक ती पाळतात. व्यापारी मनाला हे भांडवल बिनव्याजी अडकलेले दिसते, आणि ते तसे असतेही. करार करताना ती रक्कम कधी व किती कपातीने परत मिळेल हे लिहून घेणे इष्ट. दुसरा प्रश्न पाण्याचा. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या या शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. शहराच्या कडेच्या नव्या वसाहती बव्हंशी कूपनलिका आणि टँकर यांवर अवलंबून राहिल्या. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांचे हाल झाले. थेंब थेंब जपण्याची शिकवण असलेल्या घराला हे कठीण जाऊ नये, तरीही घर पाहताना नळाला कोणते पाणी आहे हे आधी विचारावे.

या साऱ्या सोयी झाल्या तरी एक माणूस घरात हरवलेला असतो. गावच्या बाजारात ज्यांच्या शब्दावर उधारी चाले, ते आजोबा येथे बाराव्या मजल्यावरील सज्जात वर्तमानपत्र घेऊन बसतात. खाली उतरावे तर पहारेकऱ्याशी काय बोलावे हे कळत नाही. आजीला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही. भाव न कळण्यापेक्षा बोलता न येणे तिला अधिक लागते. नोकरी करणाऱ्याला सहकारी मिळतात, मुलांना शाळा मिळते. वडीलधाऱ्यांना मात्र केवळ मुलाचे घर मिळते. स्थलांतर फसले तर बहुधा येथेच फसते, आणि ते मोठ्याने कोणी सांगत नाही. ‘गावाकडे जरा जाऊन येतो’ एवढेच सांगून ती दोघे जातात आणि परतत नाहीत.

यावर उपाय आहे तो भाषेचा. कन्नड शिकणे हे मुलांच्या शाळेपुरते काम मानले जाते. कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकवण्याचा कायदा 2015 साली झाला, त्यामुळे नातवंडे ती शिकतातच. पण खरी गरज आजी-आजोबांना आहे. आरंभ सोपा आहे. ‘ईरुळ्ळी, बेळ्ळुळ्ळी बेड’, म्हणजे कांदा-लसूण नको, हे वाक्य प्रत्येक जैन पाहुणा पहिल्याच आठवड्यात शिकतो. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘स्वल्प’ म्हणजे थोडे. अण्णा, अप्पा, अक्का हे शब्द तर दोन्ही भाषांत घरचेच आहेत. ‘ताई’ म्हणजे कन्नडमध्ये आई, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. भाजीवालीला अक्का म्हणून हाक मारणाऱ्या आजीला महिनाभरात गल्ली ओळखू लागते.

आणि ही भाषा जैन माणसाला परकी मानताच येणार नाही. पंप, पोन्न आणि रन्न हे आद्य कन्नड साहित्याचे तीन महाकवी. त्यांना रत्नत्रय म्हटले जाते, आणि तिघेही जैन परंपरेतले. पंपाने 941 च्या सुमारास आदिनाथांचे चरित्र कन्नडमध्ये गायले. रन्न हा सांगलीपासून फार दूर नसलेल्या मुधोळचा, बांगड्या विकणाऱ्या घरातला मुलगा. विद्येसाठी तो घर सोडून दक्षिणेला गंगांच्या राज्यात गेला आणि तेथे चामुंडरायाचा आश्रय त्याला लाभला. व्यापारी घरातील मुलाने गाव सोडून दक्षिणेला जाण्याची वाट अशी हजार वर्षांची जुनी आहे.

बंगळुरात बिऱ्हाड मांडलेल्या कुटुंबाने एका रविवारी श्रवणबेळगोळला जावे, ते यासाठीच. अंतर सुमारे 145 किलोमीटर. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर घरांना तेथील पंचामृत अभिषेक आणि भट्टारक परंपरा ओळखीचीच वाटेल. कोल्हापूर व नांदणीच्या मठांशी तिचे नाते आहे. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर 57 फुटी बाहुबली समोर उभे राहतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने ही मूर्ती घडविली. मूर्तीच्या पायाशी ही गोष्ट कोरलेली आहे, आणि ती एका भाषेत नाही. कन्नड आहे, तमिळ आहे, आणि ‘श्रीचामुंडराजें करवियलें’ अशी मराठीही आहे. मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांपैकी हा एक. घरापासून इतक्या दूर आल्यावर आजोबांना आपल्या भाषेचे एवढे जुने अक्षर कन्नडच्या शेजारी वाचायला मिळते.

समोरच्या चंद्रगिरीवरील सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा शिलालेख त्याहूनही मोठ्या स्थलांतराची स्मृती जपतो. बारा वर्षांच्या संकटाची चाहूल भद्रबाहूंनी दिली आणि सारा संघ उत्तरेकडून दक्षिणेला निघाला, ही ती कथा. तो संघ येथे आला तेव्हा प्रांत नवा होता, भाषा नवी होती. आचार त्याने सोबत आणला, आणि भाषा मात्र येथली उचलली. त्यातूनच पुढे पंप आणि रन्न झाले.

गाव सोडताना देव्हारा, मसाल्याचा डबा आणि आजीचे जपाचे आसन आठवणीने बांधले जाते. बंगळुरात पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात बंगळूरच्या सूर्यास्ताचे कोष्टक भिंतीवर लावावे आणि घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या हाती कन्नडचे पहिले पुस्तक द्यावे. नातवाने आजोबांची उजळणी घ्यावी. ज्या दिवशी आजोबा एकटे मेट्रोने चिकपेटेला जाऊन देवदर्शन करून, वाटेत कोणाशी दोन शब्द बोलून, दिवस मावळण्याआधी घरी येतील, त्या दिवशी घर बंगळुरात पोहोचले असे समजावे.