डोळ्याखालचं गळू

साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्या आम्हा गावाकडच्या पोरांना बैलाचे दात माहीत होते, कुत्र्याचे नव्हते. बाजारात बैल घ्यायला गेलेले आजोबा शिंगं, वशिंड, खूर नंतर बघायचे. आधी ओठ वर करून जबडा बघायचे. एकही पक्का दात आला नसेल तर आदत, एक जोडी आली की दुसा, दोन आल्या की चौसा आणि आठही दात आले की जुळला. दोन वर्षांच्या आसपास पहिली जोडी आणि चार-पाचाला सगळे, हा हिशेब निरक्षर माणसाच्याही तोंडी असायचा. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, हे तर चौथीतला पोरगाही शहरातून आलेल्या मावसभावाला ऐटीत सांगायचा. आमच्याच पडवीत गोणपाटावर पडलेल्या मोत्या कुत्र्याच्या तोंडात बेचाळीस दात आहेत आणि चुलीमागे झोपणाऱ्या मनीच्या तोंडात तीस, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, कारण त्यावर कुठला सौदा अडलेला नव्हता.

कुत्र्याचा दात म्हणजे आमच्या लेखी एकच गोष्ट: चावा. आणि चावा म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. कुणाला सात घ्यावी लागली, कुणाला दहा, पण सांगताना सगळ्यांची चौदाच होतात. ती लस डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरानं 1911 च्या सुमारास कसौलीत तयार केली. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि आपल्याकडे तिचं उत्पादन थेट 2004 च्या अखेरीस थांबलं. म्हणजे आमचं सगळं बालपण आणि तरुणपण त्या सुईच्या धाकात गेलं. अशा घरात कुत्र्याच्या तोंडात बोट घालणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचा, त्याचं कुणी कौतुक करत नसे.

शिवाय माणसांच्या दातांची तरी कुठे मोठी बडदास्त होती? सकाळी चुलीतली राखुंडी किंवा कडुलिंबाची काडी, नाहीतर माकडछाप काळी पूड. आजीची मशेरी वेगळी, ती दातांसाठी आहे असं फक्त आजीच म्हणायची. दाढ दुखली की लवंग, फारच ठणकली तर तालुक्याला जाऊन उपटून यायचं. आजोबांची कवळी रात्री पेल्यात बुडालेली असे. दात पडतात, जसे केस पिकतात, अशी सगळ्यांची समजूत. आपला दुधाचा दात मात्र आम्ही कौलांवर फेकायचो नाहीतर उंदराच्या बिळात टाकायचो, एवढं त्याचं अप्रूप.

कुत्र्याच्या पिल्लालाही दुधाचे दात असतात, अठ्ठावीस, आणि मांजराच्या पिल्लाला सव्वीस. ते चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान पडतात. बरेचसे पिल्लू खाताखाता गिळून टाकतं, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत बाबांची कोल्हापुरी चप्पल, ताईचं दप्तर, खाटेचा पाय यांची वाट लागायची आणि पिल्लाला मार बसायचा. त्याच्या हिरड्या शिवशिवत होत्या हे आज कळतं. तेव्हा सगळ्यांचं एकच निदान असे: वांड आहे.

खाणं म्हणजे शिळी भाकरी आणि ताक, उरलेला आमटी-भात, रविवारी मटणाची हाडकं. नळी चोखून झाली की ती मोत्याची. हाडकं चघळून कुत्र्याचे दात आपोआप साफ होतात, असं मोठी माणसं सांगत. त्यात थोडं तथ्य आहे, चावताना दातावरचा थर खरवडला जातोच. पण तीच जाड नळी कडाकडा फोडताना कुत्र्याची वरची मोठी दाढ चिरफळते, असं आता जनावरांचे दंतवैद्य सांगतात. माणसाचे दात किडतात तसे कुत्र्याचे सहसा किडत नाहीत. दातांची घडण वेगळी, लाळही अधिक अल्कधर्मी. त्याचा शत्रू हिरडीच्या कडेला असतो. जेवणानंतर दातावर चिकट थर बसतो, दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो, तो हिरडीखाली सरकतो आणि तिथे जंतूंचं राज्य सुरू होतं. हिरडी सुजते, हाड झिजतं, दात हलू लागतो. बाहेरच्या माणसाला एवढंच कळतं की कुत्र्याच्या तोंडाला घाण वास येतो. आम्हाला तो वास कुत्रेपणाचाच भाग वाटायचा. कुत्रं आहे, वास येणारच.

आणि मग ते गळू. आमच्या पिढीतल्या पाच जणांना विचारा, दोघांना तरी आठवेल. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याच्या एका डोळ्याखाली गाठ यायची. वाढायची, फुटायची, पू वाहायचा. आई हळद-तेल लावायची, कुणी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी सांगायचं, कुणी म्हणायचं, शेजारच्यांनी दगड मारला. आठवड्याभरात जखम भरायची आणि सगळे सुटलो म्हणायचे. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ. पुन्हा हळद. अशी ती कित्येक कुत्र्यांना मरेपर्यंत सोबत करायची. त्या गळूचा डोळ्याशी काही संबंध नव्हता. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात मागे एक मोठी, कात्रीच्या पात्यासारखी दाढ असते, मांस फाडायची. तिला तीन मुळं आणि त्यांची टोकं बरोबर डोळ्याखाली येतात. ती दाढ चिरली किंवा तिच्या मुळाशी पू धरला की वाट काढत तो डोळ्याखालून बाहेर येतो. वरून काहीही चोपडा, मूळ आत तसंच. दाढ काढली किंवा मुळावर उपचार केले की गळू कायमचं जातं. आख्खा गाव डोळ्याखाली बघत होता, आणि ज्याच्या ओठाची कड अर्धा इंच वर उचलली असती तर सगळं दिसलं असतं, तो आपला शेपूट हलवत होता. तोंडात पू घेऊनही कुत्रं खात राहतं. आमची फसगत झाली ती तिथेच. खातोय ना, मग बरा आहे.

मांजराचं तर याहून गुप्त. मनी ताटलीपाशी यायची, हुंगायची, एक घास उचलून डोकं वाकडं करायची आणि मागे सरायची. कधी तोंडाला पंजा घासायची, लाळ गळायची. घरात निकाल लागायचा: म्हातारी झाली. मांजरांत एक विचित्र दुखणं सर्रास आढळतं. शरीराच्याच पेशी दात खाऊ लागतात, हिरडीच्या कडेला खड्डा पडतो, नस उघडी पडते. कारण अजून पक्कं हाती आलेलं नाही आणि तो दात काढण्याशिवाय फारसा इलाजही नाही. पण दात काढलेली मांजरं मजेत जेवतात, कित्येकदा आधीपेक्षा चांगली.

डॉक्टर नव्हते असं नाही. तालुक्याला गुरांचा दवाखाना होता, पण तो नावाप्रमाणे गुरांचा. गाय अडली, म्हैस फुगली, खुरकुताची लस, यातून डॉक्टरांना सवड मिळाली तर कुत्र्याला रेबीजची सुई. मुंबईकरांची चंगळ होती. त्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल होतं. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं नाव, पण ट्रामवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे बैलघोडाच म्हणत. पशुवैद्यक कॉलेजही तिथंच, 1886 सालचं. मात्र तिथे कुत्र्याला नेणारेही खरूज, ताप, मोडलेला पाय यांसाठी नेत. दात दाखवायला नेलं असं सांगितलं असतं तर चाळीत महिनाभर पुरेल एवढा विनोद झाला असता. अमेरिकेतसुद्धा पशुदंतवैद्यांचं स्वतंत्र कॉलेज 1988 साली स्थापन झालं, तेव्हा आपल्याला फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

बदल आला तो छोट्या कुत्र्यांबरोबर. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं घराघरात पांढऱ्या केसाळ कुत्र्याचा हट्ट पेटवला, आणि सगळे त्याला पॉमेरेनियनच म्हणू लागले. पुढे 2003 च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग आला. तोंड एवढंसं आणि दात मात्र तेच बेचाळीस! मग ते आडवे बसतात, एकमेकांवर चढतात, दुधाचा सुळा पडतच नाही आणि पक्का त्याला चिकटून उगवतो. दोघांच्या फटीत अन्न अडकतं. गावठी मोत्याचा लांब जबडा या बाबतीत श्रीमंत होता. फ्लॅटमध्ये, सोफ्यावर, चेहऱ्याजवळ येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाचा वास मात्र पडवीतल्या वासासारखा सोसवेना, आणि आमची पिढी पहिल्यांदा डॉक्टरांना म्हणाली, जरा दात बघता का?

आता मुलं-सुना पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत आपापल्या कुत्र्या-मांजरांचं स्केलिंग करून आणतात. आधी रक्ततपासणी, मग पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी. ती भुलीसाठी तर असतेच, शिवाय पाणी आणि घाण फुप्फुसात जाऊ नये म्हणूनही. एकेका दाताभोवती सळई फिरवून हिरडी किती सुटली ते मोजतात, एक्स-रे काढतात, कारण निम्म्याहून अधिक दात हिरडीखाली असतो. मग हिरडीखालचा दगड काढतात आणि शेवटी पॉलिश, नाहीतर खरखरीत दातावर थर आणखी लवकर बसतो. एवढं ऐकलं की आम्हाला भुलीचीच धास्ती वाटते, आणि काही ग्रूमिंगवाले नेमकं तेच ओळखून बिनभुलीची सफाई करून देतात. कुत्र्याला धरून आकड्यानं वरचा दगड खरवडायचा. दात पांढरे दिसतात, मालक खूश, रोग हिरडीखाली जिथल्या तिथे. माझं स्पष्ट मत आहे, यापेक्षा काही न केलेलं बरं. निदान आपण काही केलंय असा भ्रम तरी होत नाही.

घरी करायचं ते सोपं आहे. बोटावर चढवायचा ब्रश, जनावरांसाठीची पेस्ट, तीही कोंबडीच्या चवीची, आणि रोज बाहेरच्या बाजूनं घासणं. जिभेकडची बाजू जीभच बरीचशी सांभाळते. आपली पेस्ट नको. कुत्रं थुंकत नाही, गिळतं, आणि तिच्यात झायलिटॉल नावाची साखर असेल तर थोडीशीही कुत्र्याच्या जिवावर बेतते. बिनसाखरेच्या च्युइंगमचंही तेच.

दिवाळीला सगळे जमलो की हा वाद हमखास निघतो. थोरले काका म्हणतात, आपला मोत्या ब्रश न करता चौदा वर्षं जगला. बहीण म्हणते, जगला, पण शेवटची चार वर्षं भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची, ते विसरलात? काका म्हणतात, ते वयामुळे. मग भाचा मोबाइलवर त्याच्या लॅब्राडॉरचा एक्स-रे दाखवतो, काका चष्मा वर करून तो नीट न्याहाळतात आणि विचारतात, हे सगळं करायला घेतात किती? आकडा ऐकल्यावर म्हणतात, एवढ्यात तर माझ्या दोन दाढा बसल्या असत्या. त्या बसवायला ते गेली तीन वर्षं टाळाटाळ करताहेत, हे बहीण लगेच सगळ्यांना सांगते.