तिसरा हात

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक शांत, सोशिक चेहरा येतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस त्यात बसत नाही, आणि म्हणूनच मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. हा माणूस 45 वर्षं बिशप होता. त्यातली सतराएक वर्षं हद्दपारीत गेली. चार रोमन सम्राटांनी मिळून त्याला पाच वेळा हाकललं.

भांडण श्रद्धेचं होतं. पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याने निर्माण केलेला, असं आरियस नावाचा धर्मगुरू म्हणे. 325 मध्ये निसियाच्या परिषदेने ते फेटाळलं आणि अथनेशियस त्या निर्णयापासून तसूभरही हलला नाही. पण त्याच्यावरचे आरोप वाचावेत, तर त्यात श्रद्धा जवळपास सापडतच नाही! 335 मध्ये टायरच्या परिषदेत आरोप होता खुनाचा. त्याने आर्सेनियस नावाच्या बिशपला मारलं आणि जादूटोण्यासाठी त्याचा हात तोडून घेतला, म्हणे. पुरावा म्हणून तोडलेला हातही हजर. जुने इतिहासकार सांगतात, की अथनेशियसने अंगभर पांघरलेला एक माणूस सभेत आणला. चेहरा उघडला तर साक्षात आर्सेनियस. मग पांघरुणातून एक हात बाहेर काढला, जरा थांबून दुसरा, आणि विचारलं, देवाने माणसाला दोनच हात दिलेत, हा तिसरा कुठला?

एवढं होऊनही तो दोषीच ठरला. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कानावर घातलं गेलं, की हा राजधानीकडे जाणारं इजिप्तचं धान्य अडवायची धमकी देतो. कॉन्स्टँटिनोपलचं पोट त्या धान्यावर चाले. रवानगी थेट ट्रिअरला, साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

तिथून तो परतला, पण भांडण संपलं नाही. 356 च्या फेब्रुवारीत, सम्राट कॉन्स्टँशियसच्या राज्यात, सैनिकांनी रात्री अलेक्झांड्रियातल्या त्याच्या चर्चला वेढा घातला. आत जागरणाची उपासना चाललेली. अथनेशियस आसनावर बसून राहिला, स्तोत्र म्हणायला लावलं आणि लोक बाहेर पडेपर्यंत उठायला नकार दिला. शेवटी त्याच्याच माणसांनी त्याला ओढत बाहेर नेलं. पुढची सहा वर्षं इजिप्तच्या वाळवंटातल्या मठवासीयांनी त्याला लपवलं. वाळवंटातला संन्यासी अंतोनी याचं त्याने लिहिलेलं चरित्र त्याच सुमाराचं.

त्याला धुतल्या तांदळासारखा मात्र समजू नये. त्या काळचं पपायरसवरचं एक पत्र सापडलं आहे. त्याच्या पाठीराख्यांनी विरोधी गटातल्या लोकांना कसं झोडपलं, याची ती तक्रार आहे. छळ सोसलेल्याच्या बाजूची माणसंही लाठी उचलतात, हे मला त्या चर्चमधल्या रात्रीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

373 मध्ये तो अलेक्झांड्रियातच वारला, बिशपपदावर असताना. सात वर्षांनी सम्राट थिओडोशियसने कॉन्स्टँटिनोपलचा आरियसपंथी बिशप डेमोफिलस याला सांगितलं, निसियाची श्रद्धा मान्य कर, नाहीतर चर्च सोड. डेमोफिलसने चर्च सोडलं. त्याच्याविरुद्ध तोडलेला हात शोधायची गरज कुणाला पडली नाही.