तत्कार

आमची धाकटी सहावीत आहे. गेल्या जूनपासून ती कथक शिकते. हा निर्णय घरात सहज झाला नाही. "शरीफ घरच्या मुलींनी नाचायचं?" असं नानींनी विचारलं. नाच-गाण्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, त्यामुळे आम्ही तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. नाव घालण्याआधी आम्ही दोघं आठवडाभर वर्गात जाऊन बसलो.

तिथे पाहिलं ते असं. पाठ ताठ, हात छातीसमोर, कोपरं वर उचललेली. अनवाणी तळवा पूर्ण जमिनीवर पडला पाहिजे. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिले चार ठोके उजवा, डावा, उजवा, डावा. पुढचे चार डाव्यापासून. म्हणजे चौथा आणि पाचवा ठोका लागोपाठ डाव्याच पायाचा. नवशिक्या मुली नेमक्या तिथेच अडतात. हे आठ ठोके दोनदा झाले की तीनतालाच्या 16 मात्रा पुऱ्या होतात आणि पाऊल पुन्हा समेवर येतं. याला तत्कार म्हणतात. आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. कित्येक महिने एवढंच, तेही बिनघुंगरांचं. आम्ही वर्गात अलिफ-बे आणि बाराखडी गिरवून घेतो, त्याहून हे वेगळं वाटलं नाही.

एक अडचण होती. वर्ग सुरू होताना मुली जमिनीला हात लावून नमस्कार करतात. बाईंशी आम्ही मोकळेपणाने बोललो. त्या म्हणाल्या, "तिने सलाम करावा. कथकात सलामी आहेच."

खरंच आहे. कथेकऱ्यांची ही कला दरबारातही वाढली. लखनौच्या वाजिद अली शाहांनी तिला आश्रय दिला. 1856 मध्ये इंग्रजांनी त्यांचं राज्य घेतलं. नर्तकीच्या प्रवेशाला आजही 'आमद' म्हणतात. फारसीत आमद म्हणजे येणं. हे ऐकून नानी म्हणाल्या, "लफ्ज तो अपना ही है।" होकार दिला नाही, पण विरोधही थांबला.

ज्यांना हे पटत नाही, त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. रंगमंचाचं काय, ते मुलगी मोठी झाल्यावर तिच्याशी बोलून ठरवू. सध्या नमाज आणि गृहपाठ आटोपला की अर्धा तास रियाज होतो, आणि पाचवा ठोका आता डाव्याच पायाने पडतो.